हजेरी मोजली, वेळ कोण मोजणार?

अर्थसंकल्प जवळ आला की आरोग्यावर किती खर्च व्हावा, याची चर्चा राजधानीत रंगते. डॉक्टर किती, खाटा किती, रिक्त पदे किती, याचे आकडे संसदेच्या पटलावर ठेवले जातात. मात्र जे कर्मचारी कामावर आहेत, त्यांचा दिवस नेमका कशात खर्ची पडतो, हा प्रश्न या आकडेमोडीत क्वचितच डोकावतो. त्यामागे अनवधान कमी आणि सोय अधिक आहे.

हजेरीचे दुखणे जुने आहे. २००२-०३ मध्ये देशभरातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांना अचानक भेटी देण्यात आल्या, तेव्हा सुमारे ४० टक्के डॉक्टर व कर्मचारी जागेवर नव्हते. त्याच सुमारास राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डफ्लो यांनी केलेल्या पाहणीत उपकेंद्रे निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली. नर्सबाई गावभेटीला गेल्या असतील, हा ठरलेला खुलासाही तपासला गेला. जेमतेम १२ टक्के वेळा त्या आपल्या हद्दीतील एखाद्या गावात सापडल्या.

मग २००६ मध्ये ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या मदतीने याच जिल्ह्यात वेळ व तारीख उमटवणारी यंत्रे बसवून हजेरी नोंदवण्याचा प्रयोग झाला. गैरहजेरीबद्दल पगार कापण्याचेही ठरले. सुरुवातीला उपस्थिती सुधारली. पण दीड वर्षाच्या आत सारे पूर्वपदावर आले.  आरोग्य खात्यानेच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेऊन प्रयोगाची हवा काढून घेतली. मोजमाप कितीही अचूक असले, तरी त्यावर कारवाई करण्याची इच्छाशक्ती नसेल तर ते कागदावरच राहते, हा त्याचा धडा.

ही झाली पगारी कर्मचाऱ्यांची कथा. आशा स्वयंसेविकांची कथा नेमकी उलटी आहे. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा, हे सूत्र ठरले. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. आणि तिच्या नेहमीच्या उपजीविकेत अडथळा येणार नाही एवढेच काम, अशी मूळ कल्पना होती. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि या सर्वांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. करोनाकाळात घरोघरी फिरण्याचे कामही त्यांच्याच माथी आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्यांचे काम अर्धवेळ राहिले आहे काय, हे मात्र सरकारने कधी पद्धतशीरपणे मोजले नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या प्रयोगातून सिद्ध झालेली नवजात बालकांची घरपोच काळजी २०११ मध्ये देशव्यापी झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी आणि त्यांचे मिळून २५० रुपये, असा हिशेब ठरला. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. पाड्यापर्यंतची पायपीट, बाळाची आई शेतावर गेली असल्यास पुन्हा घालावी लागणारी खेप आणि रात्री भरायची वही यांचा त्यात कुठेही हिशेब नाही. मोबदला कामाचा ठरला की वेळ आपोआप अदृश्य होतो.

या अदृश्यतेतच राजकारण दडले आहे. २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस केली होती. आशांचा दिवस सहा-सात तासांचा असल्याचे सरकारी मोजणीतच सिद्ध झाले, तर ‘स्वयंसेविका’ या शब्दाचा आडोसा टिकणार नाही आणि केंद्र व राज्ये या दोघांवरही वेतनाचा बोजा येईल. सत्तेवर कोणीही असो, अर्थ खात्याची ही भीती बदलत नाही.

सरकारला मोजता येत नाही, असे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केले. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशेबाने माणसांचा दिवस नोंदवण्यात आला. २०२४ मध्ये घरच्या विनामोबदला कामावर स्त्रियांची सरासरी २८९ मिनिटे खर्च होत होती, तर पुरुषांची ८८. हीच पद्धत आशा आणि नर्सबाईंना लावणे अशक्य नाही.

अट एकच, मोजणी तटस्थ यंत्रणेकडे हवी. हरियाणात २०२१ मध्ये मोबाइलवरून लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅपला आशांनी विरोध केला, तो कामचुकारपणासाठी नव्हता; पाळत आणि पाहणी यांतला फरक त्यांना उमगला होता. तटस्थ पाहणीत कोण कामावर नसते हे दिसेल, तसेच कोणावर दोघींचे काम लादले आहे हेही दिसेल. पहिले ऐकायला सरकार नेहमीच तयार असते. दुसरे ऐकण्याची तयारी असेल, तरच या मोजणीला अर्थ आहे.