नाव एक, मंडळी अनेक : किंग क्रिम्सनची ५२ वर्षे

माणसे बदलली तर मंडळी तीच राहते काय? हा प्रश्न आपल्याला परका नाही. नाटक मंडळी फुटावी, नामांकित नट बाहेर पडावेत, पाटीवरचे नाव मात्र कायम राहावे, आणि जुन्या प्रेक्षकाने मान हलवून म्हणावे, "आता त्यात राहिले आहे काय?" हे आपल्याकडे अनेकदा घडले आहे. आज आम्ही याच प्रश्नाचा विचार एका दूरच्या उदाहरणावरून करणार आहोत. उदाहरण आहे इंग्लंडातील 'किंग क्रिम्सन' या रॉक वाद्यमंडळीचे. ही मंडळी १९६९ च्या जानेवारीत लंडनमध्ये उभी राहिली आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी तोक्यो येथे शेवटची मैफल करून थांबली. मधल्या ५२ वर्षांत ती अनेकदा मोडली आणि अनेकदा नव्याने जमली. वीसएक वादक-गायक तिच्यात येऊन गेले. आरंभापासून अखेरपर्यंत राहिला तो एकच माणूस, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. मग ही मंडळी त्याची म्हणावी की सर्वांची? तो तिचा मालक होता, पुढारी होता, की नुसता राखणदार?

प्रथम 'प्रयोगशील रॉक' म्हणजे काय, याचा थोडा खुलासा केला पाहिजे. १९५० नंतर अमेरिकेत विजेवरची गिटार, ड्रमचा जोरकस ठेका आणि दोन-तीन मिनिटांचे सुटसुटीत गाणे अशी एक संगीतरीती रूढ झाली. तरुणांनी त्यावर नाचावे, हा तिचा मुख्य हेतू. १९६० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडातील काही वादकांना ही चौकट अपुरी वाटू लागली. एका बाजूवर सुमारे वीस मिनिटांचे संगीत मावणारी मोठी तबकडी हाताशी होती. मग गाणे दहा मिनिटांचे का नसावे? ठेका चारचाच का, पाचाचा वा सातांचा का नसावा? जॅझमधली उत्स्फूर्तता आणि युरोपीय अभिजात संगीतातली रचना यांचा संकर का करू नये? या प्रश्नांतून जे निघाले, ते प्रयोगशील रॉक. त्यात बरेच नुसते अवडंबर होते, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांनी प्रश्न प्रामाणिकपणे विचारले आणि उत्तर सापडल्यावरही तेथे मुक्काम केला नाही, त्यांत किंग क्रिम्सनची गणना होते.

फ्रिपचा जन्म १६ मे १९४६ चा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यातील विम्बर्न या गावचा. लहानपणी आपल्याला ना सुराची जाण होती ना लयीची, असे तो स्वतःच सांगत आला आहे. जे आले ते मेहनतीने आले. मायकेल आणि पीटर या जाइल्स बंधूंबरोबर त्याने केलेला पहिला उद्योग फसला. त्यांची १९६८ सालची तबकडी फारच थोड्यांनी विकत घेतली. पण त्यातूनच नवी जुळवाजुळव झाली. गिटारवर फ्रिप, ड्रमवर मायकेल जाइल्स, गायन आणि बेस गिटार ग्रेग लेककडे, सॅक्सोफोन, बासरी व मेलोट्रॉन इयान मॅक्डोनल्डकडे, आणि गीते व दिव्यांची योजना पीटर सिनफील्डकडे. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील एका उपाहारगृहाच्या तळघरात त्यांची पहिली तालीम झाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य मैफलीपूर्वी त्यांनी लाखोंच्या समुदायापुढे वादन केले. ऑक्टोबरात 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ब्रिटनमधील खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचली.

या मुद्रिकेत भव्य तंतुवाद्यवृंदासारखा जो नाद ऐकू येतो, तो मेलोट्रॉनचा. हे वाद्य दिसते पेटीसारखे, पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की त्या फितीवर आधी मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर वाजू लागतो. फीत सुमारे आठ सेकंदांत संपते, म्हणून वादकाला त्याआधी बोट उचलावेच लागते. वाद्य लहरी होते, प्रवासात बिघडे, सुरात राहत नसे. तरीही पाच माणसांना साठ जणांच्या वृंदाचा आभास निर्माण करता आला तो त्याच्यामुळे.

मंडळी वर्षभरही टिकली नाही. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेच्या दौऱ्यात मॅक्डोनल्ड आणि जाइल्स यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी फ्रिपने, "तुम्ही राहा, मीच जातो," अशी तयारी दाखवली. ती त्यांनी स्वीकारली नाही. हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. फ्रिपला एकतंत्री पुढारी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आरंभी तरी पुढारीपण त्याने हिसकावून घेतले नव्हते, इतरांनी खाली ठेवलेले ओझे त्याने उचलले होते. थोड्याच महिन्यांत लेकही गेला आणि त्याने दुसरी प्रख्यात मंडळी काढली.

पुढची दोन-अडीच वर्षे ओढाताणीची गेली. ध्वनिमुद्रिका निघत होत्या, पण वादक टिकत नव्हते. एका गायकाला तर बेस गिटार फ्रिपनेच शिकवून उभे केले. अखेर सिनफील्डचाही संबंध तुटला, आणि मूळच्या पाचांपैकी फ्रिप एकटा उरला.

१९७२ साली त्याने जी मंडळी जमवली, ती मात्र अपूर्व होती. ड्रमवर बिल ब्रुफर्ड आला, तोही त्या काळी भरभराटीत असलेली 'येस' ही मंडळी सोडून. जॉन वेटन बेस आणि गायनाला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिनला, आणि पत्रे, साखळ्या, घंटा असे हाती लागेल ते वाजवणारा जेमी म्यूर. म्यूर वर्षाच्या आतच हे सारे सोडून स्कॉटलंडमधील बौद्ध मठात गेला. उरलेले चौघे रोज रात्री रंगमंचावर, काहीही न ठरवता, नवे संगीत उभे करीत.

यातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या सभागृहात व्हायोलिन, मेलोट्रॉन आणि बेस यांची एक हळुवार रचना आपोआप आकार घेऊ लागली. ब्रुफर्ड ड्रमपाशी बसला होता. आपण एक ठोका जरी मारला तरी हे विसकटेल, हे ओळखून त्याने काठ्या छातीशी धरल्या आणि शेवटपर्यंत काहीही वाजवले नाही. पुढे हीच रचना 'ट्रिओ', म्हणजे त्रयी, या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आली, तेव्हा रचनाकारांच्या नावांत ब्रुफर्डचेही नाव घालण्यात आले. न वाजवणे हाही निर्मितीतला वाटा आहे, ही जाण सर्वांना होती म्हणून हे घडले. एकाच्या हुकमतीखाली चालणाऱ्या मंडळीत असे घडणे कठीण.

आणि तरीही पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७४ मध्ये, 'रेड' ही ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याच्या तोंडावर, फ्रिपने मंडळी विसर्जित केल्याचे जाहीर केले. वेटन आणि ब्रुफर्ड यांना हा घाव अनपेक्षित होता. 'रेड' ही त्यांची श्रेष्ठ कृती असे आज पुष्कळ जाणकार मानतात. ती लोकांपुढे येत असताना ती वाजवणारी मंडळीच उरली नव्हती. फ्रिप पुढे जे. जी. बेनेट यांनी स्थापन केलेल्या शेरबर्न येथील साधनाकेंद्रात शिकण्यास गेला. येथे पुढारीपणाची दुसरी बाजू दिसते. ओझे उचलणारा माणूस ते खाली ठेवण्याचा अधिकारही स्वतःकडेच घेतो.

१९८१ साली किंग क्रिम्सन पुन्हा उभी राहिली असे म्हणण्यापेक्षा त्या नावाखाली एक नवे संगीत जन्मले असे म्हणणे अधिक योग्य. ब्रुफर्ड परत आला आणि गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू व बेसवादक टोनी लेव्हिन हे दोन अमेरिकन दाखल झाले. मेलोट्रॉन गेला, लांबलचक रचनाही गेल्या. त्यांची जागा जावा-बालीच्या गॅमेलान संगीताची आठवण करून देणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या आवर्तनांनी घेतली.

ही गुंफण आपल्या श्रोत्यांना कळायला कठीण जाऊ नये. समजा, दोन गिटारवादक सात मात्रांची तीच आकृती वाजवीत आहेत. एकजण ती दोनदा घेऊन चौदा मात्रा पुऱ्या करतो. दुसरा एक मात्रा गाळून तेरातच फिरतो. पहिल्या फेरीनंतर दुसरा एका मात्रेने पुढे जातो, मग दोहोंनी, मग तिहींनी. असेच चालू ठेवले, तर दोघांची सम पुन्हा १८२ मात्रांनी जुळेल. मधल्या काळात एकाच आकृतीच्या दोन सावल्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि कोणीही न वाजवलेली तिसरीच चाल कानाला ऐकू येते. हे साधायचे, तर दोघांनाही दुसऱ्याच्या मोहात न पडता आपले मोजमाप सांभाळावे लागते. या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'डिसिप्लिन', म्हणजे शिस्त, असे आहे ते उगीच नव्हे. तिच्यात पुढे येऊन दीर्घ एकलवादन करणारा फ्रिप फारसा भेटत नाही. दोन धाग्यांतला एक धागा एवढीच त्याची जागा. संगीताचे कर्तेपणही चौघांच्या नावे आहे.

१९८४ नंतर मंडळी पुन्हा थांबली. १९८५ पासून फ्रिपने 'गिटार क्राफ्ट' नावाचे वर्ग चालवले, आणि त्यांत गिटारच्या तारा जुळवण्याची स्वतःची निराळी पद्धत शिकवली. १९९२ साली त्याने डेव्हिड सिंगलटनबरोबर स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. कलावंताच्या कृतीचा हक्क कलावंताकडेच राहावा, हे तिचे तत्त्व. संगीताच्या धंद्यात हक्क बहुधा दुसऱ्याच्या तिजोरीत असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

१९९४ साली दोन गिटार, दोन बेस आणि दोन ड्रम अशी सहा जणांची दुहेरी त्रयी जमली. १९९७ ते ९९ या काळात तिचेच लहान लहान गट करून शोधकार्य चालले. २००३ साली तेरावी आणि शेवटची स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका निघाली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या अखेरच्या मंडळीत तीन ड्रमवादक होते, आणि त्यांना रंगमंचाच्या पुढच्या ओळीत बसवले होते. फ्रिप मागच्या ओळीत एका कडेला स्टुलावर बसे. १९७२ साली गेलेला सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स चाळीस वर्षांनी परत आला होता. मैफल चालू असता छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई असे. शेवटी लेव्हिनने आपला कॅमेरा उचलला की मगच श्रोत्यांनी आपले उचलायचे. लोकांनी पाहण्यापेक्षा ऐकावे, एवढाच त्यामागे आग्रह.

या आग्रहाची किंमत इतरांनी मोजली, हे लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षे साथ दिलेल्या बेल्यूला २०१३ च्या मंडळीत स्थान मिळाले नाही, आणि त्याचे दुःख त्याने उघड बोलून दाखवले. मंडळीवर टोबी एमीज यांनी काढलेला माहितीपट २०२२ साली आला, त्यातही जुन्या सहकाऱ्यांच्या मनातले सल दिसतात.

तर मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते ते दोन गोष्टींत आहे. २००२ साली काही जुन्या सहकाऱ्यांनी एकत्र येऊन आरंभीच्या काळातील संगीत वाजवण्यासाठी निराळी मंडळी काढली. तिच्यात गाणारा जॅको जॅक्झिक हाच पुढे किंग क्रिम्सनचा शेवटचा गायक झाला. आणि २०२४ साली बेल्यू व लेव्हिन यांनी दोन नवे सोबती घेऊन १९८० नंतरच्या काळातील संगीताचा दौरा केला, तो फ्रिपच्या संमतीने. म्हणजे नावावरची पकड फ्रिपने कधी सोडली नाही, पण संगीत एका मुठीत राहिले नाही. ज्यांनी ते घडवले, त्यांच्याकडे ते परत गेले. केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबवायचे, एवढेच फ्रिपचे खरे. काय वाजवायचे ते त्या त्या वेळच्या मंडळीचे. पहिल्या अधिकारावाचून दुसरे घडलेच नसते, आणि दुसऱ्यावाचून पहिला अधिकार पोकळ ठरला असता.

ज्यांना हे संगीत ऐकून पाहावयाचे असेल, त्यांनी १९६९ ची पहिली मुद्रिका, १९७४ ची 'रेड' आणि १९८१ ची 'डिसिप्लिन' या तीन लागोपाठ ऐकाव्यात. नाव एक आहे हे ठाऊक नसते, तर या तीन निरनिराळ्या मंडळ्या आहेत असेच कोणीही म्हणेल. ठाऊक असल्यावर मात्र तिन्हींत चालू राहिलेला एक हट्ट ओळखू येऊ लागतो. कालचे जमले म्हणून आज तेच करायचे नाही, हा तो हट्ट होय.