पंचांग पाहून आखायची सहल

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात यातला घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा दीड महिना सणावारांनी गच्च भरलेला असतो. परतीचा पाऊस ओसरतो, बाजरी काढणीला येते, उजनीचा फुगवटा काठोकाठ असतो आणि साखर कारखाने बॉयलर पेटवायच्या तयारीला लागतात. जुनी देवळे, गावाकडचे जेवण आणि लोकसंगीत ही तिन्ही एकाच फेरीत गाठायची असतील, तर पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या या भागात वर्षातला हाच काळ सर्वांत सोयीचा. फक्त ही फेरी आखताना नकाशाच्या आधी पंचांग उघडावे लागते.

हेरिटेज, खाणे आणि पारंपरिक संगीत अशी शरदातली सहल आयर्लंडमध्ये फार रुळलेली आहे. गॉलवेचा ऑयस्टर महोत्सव १९५४ पासून सप्टेंबरात भरतो. क्लेअर परगण्यातल्या डूलिनसारख्या खेड्यात संध्याकाळी पबमध्ये जाऊन बसले की फिडल आणि बासरीची मैफल ऐकायला मिळते. तिथे संगीताला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ आहे, त्यामुळे पाहुण्याने तारीख पाहून तिकीट काढले की काम भागते. कऱ्हा-नीरेच्या काठी देऊळ जागेवर असते, पण गाणे तिथीला येते. तिथी चुकली की खंडोबाच्या जेजुरीला पायऱ्या आणि दीपमाळा दिसतात, जागरणाची डिमडी ऐकू येईलच असे नाही.

मुक्कामासाठी बारामती शहरात सोय आहेच. पण ऊसपट्टा अंगावर घ्यायचा असेल तर शहराच्या पश्चिमेचे माळेगाव बुद्रुक बरे. (हे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे मालेगाव नव्हे, आणि खंडोबाच्या यात्रेसाठी गाजलेले नांदेड जिल्ह्यातले माळेगावही नव्हे. खंडोबा आणि लावणी या दोन शब्दांवर शोध घेणारे हमखास त्या तिसऱ्या गावी पोहोचतात.) १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि या जिरायत मुलखाचा कालव्याखालचा भाग बागायत झाला. १९५० च्या दशकात माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कालव्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला, थोडे वर गेले की, बाजरी-हुलग्याचे माळ. या भागातले जेवण आणि गाणे या दोन्ही जमिनींतून आलेले आहे.

फेरीची दिशा नद्यांनीच आखून दिली आहे. कऱ्हा जेजुरीजवळून मोरगावला येते, तिथून बारामतीतून वाहत सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला भीमेत जाते. पाहण्यासारखे बहुतेक सगळे या पाण्याच्या आसपास आहे.

सुरुवात जेजुरीची. गडाच्या पायऱ्यांना लोक ‘नवलाख’ म्हणतात. वाटेवरच्या दीपमाळा आणि कमानी नवस फेडणाऱ्यांनी शतकानुशतके उभारलेल्या आहेत, आणि होळकरांनी गडाच्या बांधकामात मोठा हात दिला. शरदातला इथला मुख्य दिवस दसरा. त्याला ‘मर्दानी दसरा’ म्हणतात. संध्याकाळी गडावरून पालखी निघते, रात्री डोंगरातल्या रमण्याजवळ कडेपठारच्या मंदिराची पालखी येते, आणि मध्यरात्रीनंतर दोन्ही पालख्यांची देवभेट होते. सकाळी गडावर खंड्याची स्पर्धा असते. सुमारे ४२ किलोची ही तलवार एका हातावर तोलून जास्तीत जास्त वेळ धरायची. काही जण ती दातांत धरून कसरत करतात. भंडाऱ्याने पायऱ्या निसरड्या होतात आणि कपड्यांचा पिवळा रंग सहजासहजी जात नाही, तेव्हा जुने कपडे आणि घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. आश्विन किंवा कार्तिकातली अमावास्या सोमवारी आली तर आणखी एक संधी मिळते. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हास्नानाला उतरते.

जेजुरीचे संगीत म्हणजे खंडोबाचे गाणारे भक्त, वाघ्या-मुरळी. वाघ्याच्या हातात डिमडी, साथीदाराकडे तुणतुणे, मुरळीच्या हातात घाटी. एवढ्या तीन वाद्यांवर रात्रभराचे जागरण उभे राहते. गाण्यांचा गाभा खंडोबाच्या दोन बायकांचा: वाण्याघरची म्हाळसा आणि धनगराची बाणाई. दोघींचे भांडण, देवाची मधल्यामध्ये होणारी फजिती आणि अखेरची समजूत ऐकताना मांडवातल्या बायका मनापासून हसतात, कारण त्यांना त्यात आपलेच घर दिसते. या परंपरेची एक काळी बाजूही आहे. लहान मुली देवाला ‘मुरळी’ म्हणून सोडण्याची चाल जेजुरीत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी तिच्याविरुद्ध चळवळ केली, पुढे कायद्याने ती बंद झाली. आज जागरणात गाणाऱ्या मुरळ्या व्यावसायिक कलावंत आहेत, त्यांची सुपारी ठरते आणि त्यांच्याकडे कलावंत म्हणूनच पाहिले पाहिजे. घरोघरची जागरणे बहुतेक लग्नानंतरची असतात, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर ती वाढत जातात. आमंत्रण नसताना मांडवात शिरू नये. पण गावात कोणाची ओळख असेल तर पाहुण्याला जागरणाला बसवून घेण्यात कोणाला अडचण वाटत नाही.

जेजुरीपासून सुमारे १७ किलोमीटरवर मोरगाव. अष्टविनायकांतला पहिला मयूरेश्वर इथला. चारी कोपऱ्यांना मिनारासारखे मनोरे असलेले हे देऊळ लांबून गढीसारखे दिसते. भाद्रपद आणि माघ चतुर्थीला चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी इथे येते आणि मोरया गोसावींची पदे गायिली जातात. शरदात मात्र मोरगावचाही मोठा दिवस दसराच, आणि इथलीही पालखी रात्रीच निघते. दोन्ही ठिकाणे एका रात्रीत साधण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात दोन्ही अर्धी राहतात आणि मधला वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. जेजुरी किंवा मोरगाव, एकच ठरवावे.

मोरगावहून बारामतीकडे येताना लोणी भापकरला थांबावे. यादवकालीन मंदिर, त्यापुढची कोरीव पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प असा ऐवज या छोट्या गावात आहे, आणि भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळही आहेत. पुण्याहून यवतमार्गे येणाऱ्यांनी भुलेश्वर चुकवू नये. यादवकाळातल्या या देवळाभोवती आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेवाने सतराव्या शतकात दौलतमंगळ किल्ला बांधला. स्त्रीरूपातला गणपती, म्हणजे वैनायकी, इथे पाहायला मिळतो. अष्टविनायकाच्या गाड्या भरधाव निघून जातात, त्यामुळे या दोन्ही जागा बहुधा शांत असतात.

बारामती शहरात कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. नाइकांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९-१७९४) इथेच राहिले आणि इथेच त्यांनी आर्याभारत, केकावली आणि रामायणाची एकशे आठ रूपे रचली. शाळेत मोरोपंत म्हटले की यमके आणि कठीण समास आठवतात. त्यांची खरी जागा कीर्तनात होती. आर्या कीर्तनकाराच्या तोंडी चालीवर आली की तिचा बोजडपणा जातो, आणि पेशवाईत ती याच वाटेने लोकांपर्यंत पोहोचली. बारामतीला पंडिती कवितेचे गाव म्हणावे आणि वीस कोसांच्या आत जागरणे, धनगरी ओव्या आणि ढोलकीची लावणी असावी, हे या मुलखाचे वैशिष्ट्य.

लावणीसाठी दौंड तालुक्यातले चौफुला. इथल्या कलाकेंद्रांत संगीत बारीच्या पार्ट्या असतात. ढोलकी, तबला आणि पेटीच्या साथीने होणारी बैठकीची लावणी आजही तिथे जिवंत आहे. सिनेमातल्या लावणीच्या अपेक्षेने गेलेला प्रेक्षक आधी बुचकळ्यात पडतो, कारण जुनी गायिका बसल्या जागी केवळ अदाकारीने लावणी फुलवते. जुनी बैठकीची लावणी ऐकायची आहे हे आधीच सांगावे लागते. न सांगितल्यास सिनेमाची गाणी वाट्याला येतात. फडाचा तमाशा हा वेगळा प्रकार. त्याचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण भर येतो तो चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांत. शरदात त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

धनगरांची गोष्ट उलटी. दिवाळी झाली की या पट्ट्यातले अनेक मेंढपाळ वाडे कोकणाची वाट धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दसरा-दिवाळीच्या आसपास माणसे गावी असतात, म्हणून ढोलांच्या तालावरचा गजी नाच आणि बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या ऐकायच्या त्या तेव्हाच. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या ओव्यांचा माग काढत मेंढपाळांबरोबर वर्षानुवर्षे पायपीट केली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८९ मध्ये इंग्रजीत निघाला.

जेवणालाही तिथी आहे. नवरात्रात बहुतेक घरांत उपवास असतात, त्यामुळे मटण-भाकरीच्या आशेने आलेल्यांची त्या नऊ दिवसांत निराशा होते. त्याऐवजी घटापुढे बांधायच्या कडाकण्या आणि दसऱ्याची पुरणपोळी मिळते. चातुर्मास पाळणाऱ्या घरी वांगेही वर्ज्य असते. खंडोबाचा आवडता भरीत-रोडग्याचा नैवेद्य मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीचा, म्हणजे या सहलीच्या पलीकडचा. दसऱ्यानंतर मात्र खानावळींत रस्सा पुन्हा उकळू लागतो. नव्या बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, पिठले, हुलग्याची शेंगोळी आणि माडगे हे माळरानावरचे जेवण. ते हॉटेलच्या पाटीवर क्वचित असते, सांगून ठेवले तर घरगुती खानावळीत करून देतात. भिगवणला गेल्यास मासे खावेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली घेतली, पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळही त्यात गेले. शेती गेलेल्या काठावर मासेमारी वाढली. चिलापी, कटला, मरळ आणि वाम ही तिथली नेहमीची नावे. भिगवणचे रोहित पक्षी पाहायचे असतील तर ते हिवाळ्यात येतात, ऑक्टोबरात पाणी भरलेले असते आणि पाणथळ उघडी पडलेली नसते. पळसनाथाचे शिखरही उन्हाळ्यातच वर येते.

उसाचे खाणे पाहायचे तर दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर जावे. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळत असतो आणि गुळव्या नुसत्या डोळ्यांनी पाक ओळखतो. ताजी काकवी आणि गरम गूळ यांची चव दुकानातल्या ढेपेला नाही. कारखान्यांची तऱ्हा निराळी. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास मराठवाड्यातून कोयता घेऊन ऊसतोड मजूर येतात आणि फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. हा देखावा छायाचित्रासाठी नाही. दिवस उगवण्याआधी फडात उतरणाऱ्यांचे ते घर असते. हंगाम सुरू झाला की रात्रीच्या प्रवासात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांपासून सांभाळून राहावे.

इंदापूरकडचा टप्पा एका दिवसाचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या नावाची गढी आणि जवळचा चाँदशाहवलींचा दर्गा गावात आहे. तिथून नीरा नरसिंहपूर. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी अठराव्या शतकात बांधलेले लक्ष्मीनृसिंहाचे देऊळ आणि त्याचा घाट नीरा-भीमेच्या संगमावर उभा आहे. उत्सव वैशाखात असतो, म्हणून शरदात घाट जवळजवळ मोकळा सापडतो.

एवढ्या सगळ्यात सर्वांत सोपे, फुकट आणि खात्रीचे संगीत बहुतेकांच्या यादीतच नसते. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत या भागातल्या बहुतेक गावांत विठ्ठलाच्या किंवा मारुतीच्या देवळात पहाटे काकडा होतो. पखवाज, टाळ, एखादी पेटी आणि गावातलेच वीस-पंचवीस गळे. भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, आरती असा क्रम उजाडेपर्यंत चालतो आणि समाप्तीला काल्याचे कीर्तन व महाप्रसाद असतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेवरची ही गावे, त्यामुळे चाली पक्क्या आणि आवाज तयार असतात. कोणी कोणाला ऐकवण्यासाठी गात नाही, तरी ऐकायला येणाऱ्याला टाळ मिळतो.

दसऱ्याची जेजुरी एकदा पाहावी. पण सुट्टी दोनच दिवसांची असेल आणि गर्दी झेपत नसेल, तर कोजागरी आणि दिवाळीच्या मधला आठवडा निवडावा. पहाटे जवळच्या गावचा काकडा, सकाळी लोणी भापकर आणि मोरगाव, दुपारी भिगवणचा मासा, दुसऱ्या दिवशी नरसिंहपूर. पहाटे साडेचारला उठायची तयारी मात्र हवी.