मृत समुद्राकाठचं ऊन

पाण्यावर उताणं पडून निवांत वर्तमानपत्र वाचणारा पर्यटक, ही मृत समुद्राची जगभर पोचलेली ओळख. ती खरीच आहे. लिटरमागे सुमारे ३४० ग्रॅम क्षार, म्हणजे महासागराच्या जवळजवळ दहापट. अशा पाण्यात माणूस खाली जातच नाही. तरी इथे माणसं दगावतात. तोल जाऊन पालथं झालं की सरळ होणं अवघड, आणि पोटात गेलेले थोडे घोटही जिवावर बेततात.

इस्रायल, पॅलेस्टाइनचा पश्चिम किनारा आणि जॉर्डन यांच्यामधल्या या सरोवराचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. जमिनीवर याहून खोल उघडी जागा नाही. जॉर्डन नदीचं पाणी आत येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. ते वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांतला निम्मा वाटा मॅग्नेशियम क्लोराइडचा, त्यामुळे हे पाणी जिभेला कडू लागतं आणि अंगाला तेलकट. त्यातही जीव तग धरतात. १९३६ साली बेंजामिन एलाझारी-व्होल्कानी यांनी इथल्या सूक्ष्मजीवांची नोंद प्रसिद्ध केली. १९८० आणि १९९२च्या भरपूर पावसानंतर त्यांच्या वाढीने पाणी तांबूस झालं होतं.

आरोग्यदायी म्हणून या काठाची ख्याती जुनी आहे. अखेरच्या आजारात हेरोद राजाला पूर्वकाठच्या कॅलिर्‍होईच्या उष्ण झऱ्यांवर नेलं होतं, असं इतिहासकार जोसेफस सांगतो. राजा वाचला नाही. आज सोरायसिसचे रुग्ण युरोपातून इथे येऊन साधारण चार आठवडे राहतात, आणि अनेकांच्या त्वचेवरचे चट्टे खरोखर कमी होतात. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ऊन. खोलगट जागेमुळे सूर्यकिरणांना हवेचा जास्तीचा थर ओलांडावा लागतो. कातडी भाजणारे अतिनील किरण त्यात अधिक गाळले जातात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाला उन्हात जास्त वेळ बसता येतं. हवेचा दाब जास्त, त्यामुळे श्वासागणिक ऑक्सिजनही थोडा अधिक. फुप्फुसाच्या काही रुग्णांना त्याचा आराम पडतो. डबीत भरून विकला जाणारा इथला काळा चिखल यातलं काहीच सोबत नेऊ शकत नाही. उपचार हवा तर त्या काठावरच जायला हवं.

आणि तो काठच हटतो आहे. जॉर्डन आणि यार्मूक नद्यांचं पाणी इस्रायल, जॉर्डन, सीरियाने शेतीकडे आणि नळांकडे वळवलं. पातळी वर्षाला मीटरभराहून अधिक उतरते. मागे सरलेल्या काठाखाली गोडं भूजल पुरलेले मिठाचे थर विरघळवतं आणि जमीन अचानक खचते. असे हजारो खड्डे पडले आहेत. पश्चिम काठावरच्या ऐन गेदीचा सार्वजनिक किनारा त्यापायीच बंद झाला.

दक्षिणेचा भाग तर आता सरोवर उरलेलाच नाही. ती पोटॅश काढणाऱ्या कारखान्यांची मिठागरं आहेत. मिठागरांच्या तळाशी मीठ साचून पाणी दरवर्षी वीसेक सेंटीमीटर चढतं, म्हणून काठावरची हॉटेलं वाचवण्यासाठी ते मीठ खरवडून काढावं लागतं. या मिठागरांकाठी असलेल्या ऐन बोकेकच्या हॉटेलात उतरलेला रुग्ण ज्या पाण्यात शिरतो, ते उत्तरेच्या आटत्या सरोवरातून पंपाने ओढून आणलेलं असतं.