किशोरसेवाकार्य, ख्रिस्ती

ख्रिस्ती मंडळीतील सामान्यतः ११ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींचे धर्मशिक्षण, उपासना, सहजीवन व मार्गदर्शन यांसाठी चर्चतर्फे चालविले जाणारे संघटित कार्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वयोगट ‘मिडल स्कूल’ म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा होय. भारतात तो स्थूलमानाने उच्च प्राथमिक वर्गांशी जुळतो. लहान मुलांची रविवार शाळा (संडे स्कूल) आणि प्रौढत्वाकडे झुकलेल्या युवकांचा तरुण संघ या दोहोंच्या मधला हा टप्पा असल्याने तो दीर्घकाळ स्वतंत्र विचाराचा विषय झाला नाही. तथापि धर्मश्रद्धा केवळ घरातून मिळालेली गोष्ट म्हणून राहणार की ती मुलाची स्वतःची होणार, हा प्रश्न याच वयात प्रथम उभा राहतो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या कार्याला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

इतिहास : ख्रिस्ती परंपरेत या वयाचा संबंध प्रामुख्याने दृढीकरण संस्काराशी येतो. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाने जाणत्या वयात आपली श्रद्धा जाहीरपणे स्वीकारावी, ही प्रॉटेस्टंट दृढीकरणामागील कल्पना होय. जर्मनीतील हेस प्रदेशात मार्टिन बूत्सर (१४९१–१५५१) याच्या पुढाकाराने तिला पद्धतशीर रूप मिळाले. दृढीकरणापूर्वीच्या शिक्षणासाठी मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याची लघुप्रश्नोत्तरी (१५२९) ल्यूथरपंथीय मंडळ्यांत पिढ्यानुपिढ्या वापरात राहिली. मात्र पाठांतर व परीक्षा यांवर भर असलेल्या या शिक्षणानंतर अनेक मुले चर्चपासून दुरावतात, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

आधुनिक रविवार शाळांच्या प्रसारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथील वृत्तपत्र-प्रकाशक रॉबर्ट रेक्स (१७३६–१८११) याने १७८० मध्ये सुरू केलेल्या शाळांमुळे चालना मिळाली. आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना सुटीच्या दिवशी वाचन व धर्मतत्त्वे शिकविणे हा त्यांचा हेतू होता. पुढे सार्वत्रिक शिक्षण रूढ झाल्यावर या शाळांचे कार्य धर्मशिक्षणापुरते मर्यादित झाले. अमेरिकेत १८७२ मध्ये सर्व वयांच्या विद्यार्थ्यांसाठी एकच पाठ नेमण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. परंतु सहा वर्षांच्या बालकाला व तेरा वर्षांच्या किशोराला एकच पाठ पुरेसा होत नाही असे अनुभवास आल्याने १९०८ मध्ये वयोमानानुसार श्रेणीबद्ध पाठांना मान्यता देण्यात आली.

किशोरांची गळती ओळखून तिच्यावर उपाय योजणाऱ्यांत ग्लासगोचा विल्यम अलेक्झांडर स्मिथ (१८५४–१९१४) अग्रगण्य होय. रविवार शाळेत शिक्षक असताना त्याच्या लक्षात आले, की मोठी मुले शाळेला कंटाळतात आणि यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन (स्थापना लंडन, १८४४) या संस्थेत जाण्याइतकी ती प्रौढ नसतात. ही पोकळी भरून काढण्यासाठी त्याने १८८३ मध्ये बारा ते सतरा वर्षांच्या मुलांकरिता ‘बॉइज ब्रिगेड’ ही संघटना स्थापन केली. कवायत, गणवेश, खेळ व शिबिरे यांची सांगड तीत बायबलच्या वर्गाशी घातलेली होती. मुलींसाठी आयर्लंड, स्कॉटलंड व इंग्लंड येथे निघालेल्या तशाच तीन संघटनांचे १९६५ मध्ये ‘गर्ल्स ब्रिगेड’ या नावाने एकीकरण झाले. इटलीतील तूरिन येथे सेंट जॉन बॉस्को (१८१५–८८) याने १८४१ पासून रस्त्यावरील व कारखान्यांतील मुलांसाठी ‘ऑरेटरी’ चालविली. शिक्षेपेक्षा प्रेमळ सहवास व दक्षता यांनी मुलाला चुकीपासून दूर ठेवावे, ही त्याची ‘प्रतिबंधक’ शिक्षणपद्धती कॅथलिक युवककार्याचा एक मुख्य आधार ठरली.

अमेरिकेत फ्रान्सिस ई. क्लार्क (१८५१–१९२७) या पाळकाने मेन राज्यातील पोर्टलंड येथे १८८१ मध्ये ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ संघ सुरू केला. सभासदाने सभेत स्वतः भाग घेतलाच पाहिजे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. मेथडिस्ट (१८८९) व बॅप्टिस्ट (१८९१) पंथांनी त्याच धर्तीवर आपापले संघ काढले. शिकागो येथे बिशप बर्नार्ड शील (१८८८–१९६९) याने १९३० मध्ये स्थापिलेल्या ‘कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन’ने क्रीडांवर भर दिला. चर्चच्या इमारतीबाहेर, शाळेच्या परिसरात मुलांना भेटण्याची पद्धत टेक्ससमधील जिम रेबर्न (१९०९–७०) याने १९४१ मध्ये स्थापिलेल्या ‘यंग लाइफ’ या संस्थेने रूढ केली.

दरम्यान शालेय रचनेतही बदल होत होता. जी. स्टॅन्ली हॉल (१८४४–१९२४) या मानसशास्त्रज्ञाच्या अॅडोलेसन्स (१९०४) या ग्रंथाने किशोरावस्थेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यापूर्वी एडविन स्टारबक (१८६६–१९४७) याने धर्मविषयक मनःपरिवर्तनाचे अनुभव बव्हंशी या अवस्थेत येतात, असे आपल्या पाहणीतून दाखविले होते (१८९९). १९०९ मध्ये ओहायओ राज्यातील कोलंबस येथे स्वतंत्र ‘ज्युनिअर हायस्कूल’ निघाले आणि १९६० नंतर ‘मिडल स्कूल’चा प्रसार झाला. शाळेने हा वयोगट वेगळा केल्यावर चर्चलाही त्याचा वेगळा विचार करणे भाग पडले. या वयोगटासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका, अभ्यासक्रम व पूर्णवेळ कार्यकर्ते यांची परंपरा तेव्हापासून सुरू झाली.

वयोगटाची वैशिष्ट्ये : या तीन-चार वर्षांत शारीरिक वाढ अतिशय वेगाने व विषम प्रमाणात होते. एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एक बालक, तर दुसरे तरुण भासते. झां प्याजे (१८९६–१९८०) याच्या मते साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून अमूर्त विचारांची क्षमता विकसित होऊ लागते. बायबलमधील कथा आवडीने ऐकणारे मूल आता ‘हे खरेच घडले का?’, ‘देव न्यायी असेल, तर निरपराध माणसाला दुःख का?’ असे विचारू लागते. हे प्रश्न म्हणजे उद्धटपणा अथवा अश्रद्धा नसून नव्याने आलेल्या बौद्धिक सामर्थ्याची ती चाचणी असते. जेम्स फाउलर (१९४०–२०१५) याने आपल्या श्रद्धाविकासाच्या उपपत्तीत (१९८१) या काळातील श्रद्धेला संश्लेषणात्मक व रूढिनिष्ठ म्हटले आहे. मूल भोवतालच्या आदरणीय व्यक्तींच्या आणि समवयस्कांच्या श्रद्धांतून आपली श्रद्धा घडविते. मात्र ती बाहेरून घेतलेली आहे याची जाणीव त्याला नसते. यामुळे समवयस्कांचा कल आणि नेत्याचे आचरण या दोहोंचा प्रभाव मोठा असतो.

नेतृत्व : या कार्याचा नेता पाळक, धर्मगुरू, वेतनभोगी कार्यकर्ता किंवा मंडळीतील स्वयंसेवक असू शकतो. वक्तृत्व, तारुण्य किंवा गायनकौशल्य यांपेक्षा सातत्य हा गुण येथे अधिक मोलाचा ठरतो. या वयातील मुले बोललेले लवकर विसरतात. परंतु आपले नाव कोणी लक्षात ठेवले, परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या काळात कोणी चौकशी केली, हे ती विसरत नाहीत. दर काही महिन्यांनी बदलणारे कार्यकर्ते असलेल्या गटात विश्वास निर्माण होणे अवघड जाते. म्हणून एका कार्यकर्त्याकडे सहा ते आठ मुलांचा लहान गट सोपवून तो त्यांच्याबरोबर वरच्या वर्गात नेण्याची पद्धत अनेक चर्चमध्ये आढळते. कार्यकर्त्यांत निरनिराळ्या वयांचे स्त्री-पुरुष असणे हितावह असते. कारण आजी-आजोबांच्या वयाच्या व्यक्तीशी मूल पुष्कळदा अधिक मोकळेपणाने बोलते. नेत्याने मुलांचा समवयस्क होण्याचा प्रयत्न करणे ही नेहमी आढळणारी चूक होय. मुलांना मित्र शाळेत मिळतात; चर्चमध्ये त्यांना विश्वासू वडीलधाऱ्या व्यक्तीची गरज असते.

कार्यक्रम : साप्ताहिक सभा सामान्यतः एक ते दीड तासाची असते. स्वागत, खेळ, गायन, बायबलमधील उताऱ्यावर आधारित छोटे विवेचन, लहान गटांतील चर्चा व प्रार्थना असे तिचे भाग असतात. मुलांचे अवधान टिकावे म्हणून प्रत्येक भाग थोडक्यात आटोपला जातो. खेळ निवडताना दुबळ्या किंवा लाजाळू मुलाचे हसे होणार नाही, हे पाहणे आवश्यक असते. स्वतःच्या शरीराविषयी संकोच वाटण्याच्या या वयात एका सभेत झालेली फजिती मुलाला कायमची दूर नेण्यास पुरेशी असते. चर्चेत होकार किंवा नकार एवढेच उत्तर मागणारे प्रश्न टाळून, प्रसंग पुढे ठेवून विचारास प्रवृत्त केले जाते. नेत्यास उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगणे हे खोट्या खात्रीपेक्षा परिणामकारक ठरते. गायनात साथ करणे, बायबल वाचणे, वृद्ध व आजारी सभासदांच्या भेटीस जाणे, लहान मुलांच्या वर्गात साहाय्य करणे अशी खरी कामे मुलांवर सोपविल्यास आपण मंडळीचे घटक आहोत, ही जाणीव त्यांच्यात दृढ होते.

निवासी शिबिरे हा या कार्याचा लोकप्रिय भाग असून त्याबाबत मतभेदही आहेत. घरापासून दूर, रात्रीच्या भावपूर्ण वातावरणात केलेल्या आवाहनास मुले सहज प्रतिसाद देतात. होरेस बुशनेल (१८०२–७६) याने ख्रिश्चन नर्चर (१८४७) या ग्रंथात क्षणिक मनःपरिवर्तनावर भिस्त ठेवण्याऐवजी कुटुंब व मंडळी यांच्या सहवासात श्रद्धेची क्रमशः जोपासना व्हावी, असे प्रतिपादिले होते. पुनरुज्जीवनवादी पंथ व्यक्तिगत निर्णयाला अग्रस्थान देतात. भीती, अपराधभाव वा गटाचे दडपण यांद्वारे मिळविलेला निर्णय मुलाचा स्वतःचा नसतो. त्याच्या नकारालाही सन्मान मिळाला पाहिजे, हे तत्त्व मात्र आता व्यापक प्रमाणावर मान्य झाले आहे.

पालक : ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा लंडक्विस्ट डेंटन यांनी १३ ते १७ वर्षे वयाच्या तीन हजारांहून अधिक अमेरिकन मुलामुलींच्या पाहणीवर आधारलेले आपले निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. किशोरांच्या धर्मजीवनावर सर्वाधिक प्रभाव आईवडिलांचाच पडतो, तसेच बहुसंख्य मुलांना आपल्या धर्मातील मूळ संकल्पना नीट सांगता येत नाहीत, असे त्यांना आढळले. मनोरंजनाने मुले जमतात. पण तेवढ्याने ती शिकतात असे नाही, या टीकेला त्यामुळे बळ मिळाले. आठवड्यातील एक तास घराची जागा घेऊ शकत नाही. म्हणून चालू पाठाचा विषय पालकांना कळविणे, पालकसभा घेणे व घरभेटी देणे ही कामे नेत्याच्या कर्तव्यात मोडतात.

सुरक्षितता : मुलांचा विश्वास संपादन करणाऱ्या व्यक्तीच्या हाती मोठी सत्ता येते व तिचा दुरुपयोग होऊ शकतो. २००२ मध्ये बॉस्टन येथील धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे आणि ती दडपण्याचे प्रयत्न उघडकीस आले. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. अन्य पंथांतही अशाच घटना उजेडात आल्या आहेत. कार्यकर्त्याच्या पूर्ववृत्ताची तपासणी, कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढांची उपस्थिती, मुलाशी एकांतात न भेटणे, प्रवास व शिबिरासाठी पालकांची लेखी संमती आणि भ्रमणध्वनीवरील खाजगी संदेशांवर मर्यादा हे नियम आता सर्वसाधारण झाले आहेत. भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध घडल्याचे वा घडण्याची शक्यता असल्याचे समजल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक असून, न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. मंडळीची अब्रू राखण्यासाठी अंतर्गत चौकशीवर भागविणे हे त्यामुळे नीतीला व कायद्यालाही धरून नाही. मुलाने सांगितलेली गोष्ट ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन नेत्याने आधीच देऊ नये, असे प्रशिक्षणात आवर्जून सांगितले जाते.

भारत व महाराष्ट्र : भारतातील रविवार शाळांच्या कार्यास ‘इंडिया संडे स्कूल युनियन’च्या स्थापनेने (अलाहाबाद, १८७६) संघटित रूप आले. मुंबईत यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची शाखा १८७५ मध्ये स्थापन झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या बालबोधमेवा या मासिकाने मराठी मुलांना धर्मविषयक व सामान्य ज्ञानपर वाचन पुरविले. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या भक्तिगीतांमुळे मराठी मंडळ्यांतील मुलांना परकीय चालींखेरीज आपल्या भाषेच्या वळणाची उपासनागीते लाभली. सेंट जॉन बॉस्कोच्या सेलेशियन संघाचे धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावर येथे आले व १९२८ मध्ये त्यांचे कार्य मुंबईत सुरू झाले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मे महिन्याच्या सुटीत भरणारी बायबल शाळा आणि वसईसारख्या कॅथलिक परिसरात धर्मग्रामाच्या पातळीवर चालणारे धर्मशिक्षणाचे वर्ग ही येथील प्रमुख माध्यमे होत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना मराठी बायबल व उपासना दुर्बोध वाटणे ही शहरी मंडळ्यांपुढील खास अडचण आहे.

मिशनच्या शाळांत अन्यधर्मीय विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही विद्यार्थ्यास धर्मशिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही; अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकाची संमती आवश्यक असते. हीच मर्यादा चर्चच्या आवारातील कार्यातही पाळणे औचित्याला धरून आहे.

मूल्यमापन : उपस्थितीची संख्या हे या कार्याच्या यशाचे अपुरे गमक होय. दृढीकरणानंतर किंवा शाळा बदलल्यावर मुले मंडळीत टिकतात काय, त्यांना आपली श्रद्धा स्वतःच्या शब्दांत मांडता येते काय आणि संकटसमयी विश्वासाने जावे अशी एक तरी प्रौढ व्यक्ती त्यांना मंडळीत लाभली आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवरून त्याची योग्य परीक्षा होऊ शकते. ही उत्तरे मिळण्यास कित्येक वर्षे लागतात. तोपर्यंत गटातील मुले मोठी होऊन गेलेली असतात. त्यामुळे फळ दृष्टीस न पडताही चिकाटीने करावयाचे हे कार्य आहे.