अठराव्या वर्षानंतर काय?

अनाथ मुलाला दोन वेळचे अन्न, अंगभर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर दिले की समाजाचे कर्तव्य संपले, असा एक सोयीस्कर समज रूढ आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तो मानला नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेऊन त्यांनी नाव, शिक्षण आणि हक्काचे घर दिले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णसेवेस उभा राहिला.

आजच्या बालगृहांतील मुलांच्या वाट्याला असे घर क्वचितच येते. १८ वर्षे पुरी झाली की बालगृह सोडावे लागते. ज्या वयात इतर मुले आईबापांच्या आधारावर महाविद्यालयात जातात, त्या वयात यांनी खोली, नोकरी आणि जामीनदार शोधायचा! २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षणही ठेवले. परंतु सवलतीसाठी प्रथम अनाथ असल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी कचेरीत खेटे घालणारे वडीलधारे माणूसच त्यांच्यापाशी नसते.

तेव्हा देणगीदारांनी वाढदिवसाच्या जेवणावळीऐवजी एखाद्या मुलाच्या पुढील शिक्षणाचा भार उचलावा. शिक्षकांनी अर्ज भरून द्यावेत, कारकुनांनी दाखला अडवू नये आणि विद्यार्थ्यांनी अशा सोबत्याला दयेने नव्हे, मैत्रीने घरी न्यावे. अन्नदान एका दिवसाचे असते. आधार मात्र मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत द्यावा लागतो.