जळालेल्या फ्यूजच्या मागे: घरगुती ड्रायरच्या दुरुस्तीचा मागोवा

कपडे वाळवण्याचं यंत्र बिघडलं की तक्रारी ठरलेल्या असतात. फिरत नाही. फिरतं, पण तापत नाही. तापतं, पण कपडे ओलेच राहतात. आवाज करतं. जळका वास येतो. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत हे यंत्र आतून-बाहेरून बदललं, पण तक्रारींची ही यादी जवळपास तशीच राहिली. या काळातल्या बिघाडांकडे आणि दुरुस्त्यांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जो भाग जळालेला किंवा तुटलेला सापडतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी दोषाची शिक्षा भोगत असतो. खरं मूळ हवेच्या वाटेत, पाण्याच्या वाटेत किंवा कोंबलेल्या कपड्यांत असतं. ज्यांनी ते शोधलं त्यांची दुरुस्ती टिकली. ज्यांनी नुसता भाग बदलला, त्यांना तोच भाग पुन्हा आणावा लागला.

दोन टबांचे दिवस

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सेमी-ऑटोमॅटिक मशीन येऊ लागलं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांनी ते गावोगावच्या दुकानांत पोचवलं. रुंद टबात धुवायचं आणि शेजारच्या अरुंद, उभ्या टबात पिळायचं, अशी त्याची रचना. या दुसऱ्या टबालाच घरोघरी ड्रायर म्हणत. त्यात हीटर नसतो. मिनिटाला सुमारे १,३०० ते १,४०० फेरे घेणारा तो टब कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटीहून अधिक जोर आणतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकतो. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना, गॅलरीतल्या दोरीवर दोन-दोन दिवस कुबट राहणाऱ्या कपड्यांना या पाच मिनिटांच्या पिळण्याने मोठा दिलासा मिळाला.

या टबाचे बिघाड मोजकेच होते आणि बहुतेक कानांनी ओळखता येत. काहीच आवाज नसेल तर आधी झाकण पाहायचं, कारण ते नीट बसलं नाही तर त्याखालचा स्विच वीज पुढे जाऊच देत नाही. मोटर नुसती घुमते आणि टब हलत नाही, असं असेल तर प्लग काढून टब हाताने फिरवायचा. सहज फिरला तर संशय कपॅसिटरवर. जड फिरला तर दोष यांत्रिक. मशीन नाचायला लागलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत, किंवा मोटरखालच्या स्प्रिंगांपैकी एखादी निसटली आहे. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी त्यातला साठलेला विद्युतभार सुरक्षितपणे काढावा लागतो. प्लग काढला म्हणजे धोका संपला, असं तिथे नसतं.

सर्वांत महागडी तक्रार असे ती मोटर जळाल्याची. झाकण उघडताच टब थांबावा म्हणून त्याला ब्रेक असतो, आणि तो झाकणाला जोडलेल्या वायरने ओढला-सोडला जातो. ही वायर सैल पडली की झाकण बंद असतानाही ब्रेकची पट्टी टबाच्या चाकाला घासत राहते. मोटर ओढ खात फिरते, तापते आणि एक दिवस तिचं वाइंडिंग जळतं. मोटर बांधून आणली आणि वायर तशीच ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीच मोटर पुन्हा जळते. रुमाल किंवा लहान मुलाचा मोजा टब आणि बाहेरच्या भिंतीच्या फटीत गेला तरी परिणाम हाच. आणि टबाखालचं रबरी बेलो फाटलं, तर पाणी थेंबाथेंबाने मोटरवर पडतं, बुश गंजतो आणि मोटर जॅम होते. जळालेली मोटर एकच, पण तिच्यामागची कारणं तीन. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत मोटर सहज मिळे. कारण मात्र मशीन उलटं करून स्वतः पाहावं लागे, आणि चांगला मेकॅनिक ते आधी पाही.

परदेशातला गरम ड्रायर

उष्णतेने कपडे वाळवणाऱ्या यंत्राची कथा वेगळ्या भूमीवरची आहे. जॉर्ज सॅम्पसन या आफ्रिकन-अमेरिकन संशोधकाने १८९२ साली चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवण्याच्या चौकटीचं पेटंट घेतलं. नॉर्थ डकोटाच्या जे. रॉस मूर यांच्या कल्पनेवरून विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स इथल्या हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये विजेवर चालणारा फिरत्या ड्रमचा ड्रायर बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकन घराचा भाग झाला. नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची या यंत्राशी गाठ पडली ती भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये किंवा पहिल्या घराच्या तळघरात. तिथे मेकॅनिकची घरभेट महाग असल्याने अनेकांनी मल्टीमीटर विकत घेतला आणि मागचं झाकण स्वतः उघडायला शिकले.

या ड्रायरचा सर्वांत फसवा बिघाड म्हणजे ड्रम फिरतो, दिवा लागतो, पण हवा थंड. कारण वीजजोडणीत दडलेलं असतं. हीटर २४० व्होल्टवर चालतो आणि साधारण ५,४०० वॉट घेतो, तर ड्रमची मोटर १२० व्होल्टवर चालते. ब्रेकरची दोनपैकी एकच बाजू गेली तर मोटर चालू राहते आणि हीटर मरतो. कित्येकांनी नवा हीटर मागवला आणि बसवला, पण दोष घराच्या वीजपेटीत होता. म्हणून पहिलं काम ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं. हीटर मोजायची वेळ नंतर येते. या मापाचा हीटर चांगला असेल तर मीटर सुमारे ११ ओहम दाखवतो.

दुसरा नेहमीचा सापडणारा भाग म्हणजे थर्मल फ्यूज. अनेक मॉडेलांत तो ९० अंश सेल्सिअसच्या आसपास एकदाच उडतो आणि मग बदलावाच लागतो. काही यंत्रांत तो उडाला की हीटर बंद पडतो, काहींत मोटरच. सुटा भाग स्वस्त, बदलायला सोपा. पण तो उडतो कारण गरम हवेला बाहेर जायची वाट उरलेली नसते. कपड्यांतून झडलेले तंतू, म्हणजे लिंट, जाळीतून निसटून नळीत, कोपऱ्यांत आणि बाहेरच्या झडपेत साचतात. हवा तुंबली की आतलं तापमान चढतं, आणि फ्यूज घर वाचवण्यासाठी स्वतः जातो. नळी साफ न करता नवा फ्यूज घातला तर तोही उडणारच. त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडणं हे तर आगीला बोलावणं आहे.

तपासणी साधी आहे. ड्रायर चालू करून घराबाहेर जावं आणि झडप पूर्ण उघडते का, हाताला जोरदार हवा लागते का, ते पाहावं. नळी चार इंची आणि धातूची हवी. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमांत तिची सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट आहे, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले पाच फूट कमी धरले जातात. सांध्याला आत टोक निघणारे स्क्रू लावायचे नाहीत, कारण त्यांना लिंट अडकतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा निवासी इमारतींत ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० आढळल्या. त्यांचं सर्वांत मोठं एक कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के.

बाकीच्या खुणा आवाजाच्या. फिरताना ठराविक अंतराने धप-धप आवाज आला तर ड्रमखालची चाकं झिजली. किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा ताणणारी पुली. मोटर चालते पण ड्रम थांबलेला आणि हाताने अगदी हलका फिरतो, तर पट्टा तुटला. ऑटो सायकल लवकर संपून कपडे दमट राहत असतील तर ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. सुगंधी ड्रायर शीटचा मेणचट थर त्यांवर बसला की ओलावा त्यांना जाणवत नाही. स्पिरिटच्या फडक्याने पुसणं, एवढाच तिथला उपाय.

एकाच ड्रममध्ये सगळं

गेल्या दशकभरात भारतीय शहरांत धुणं आणि वाळवणं एकत्र करणारी मशीनं आली, आणि त्यांच्याबरोबर नवे गैरसमजही. या मशीनची वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते. आठ किलो धुणारं मशीन पाच किलोच वाळवू शकतं, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. पूर्ण भरून धुतलेले कपडे तसेच वाळवायला लावले तर ते ओले निघणारच. त्यात बिघाड नसतो.

कपडे ओले राहण्याचं आणखी एक कारण आपल्या सोसायट्यांच्या जगण्याशी जोडलेलं आहे. यांतली अनेक मशीनं आतली वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. नळ बंद असेल किंवा टाकीचा दाब कमी असेल तर हीटर चांगला असूनही ओलावा आतच फिरत राहतो. मशीन बिघडल्याची तक्रार नोंदवण्यापूर्वी नळ उघडून पाहावा आणि पाण्याच्या नळीतली बारीक जाळी काढून धुवावी. हीटरच्या मशीनला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलं तर आधी प्लग वितळतो, आणि दोष मशीनला दिला जातो.

‘फार वेळ लागतो’ या तक्रारीमागे तर वाळवण्याआधीचं पिळणं असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागते. तेच पाणी फिरवून बाहेर फेकायला त्याचा अगदी किरकोळ अंश पुरतो. ड्रेन पंपाचा फिल्टर तुंबून पिळणं अर्धवट झालं, तर पुढचा ड्रायर कितीही चांगला असो, तो तासन् तास झगडतो. दोन टबांच्या मशीनने शिकवलेलं गणित इथेही लागू आहे: पाणी आधी फेकून काढा, उरलेल्यालाच उष्णता द्या.

आगीनंतरचा काळ

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये एका मोठ्या उत्पादकाने जाहीर केलं की २००४ पासून विकलेल्या त्याच्या लाखो ड्रायरमध्ये लिंट हीटरवर पडून पेट घेऊ शकतं. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या शेफर्ड्स कोर्ट या उंच इमारतीत ड्रायरमुळे आग लागली. यंत्रं परत मागवण्याची मोहीम मात्र २०१९ मध्ये सुरू झाली. या प्रकरणाने एक गोष्ट कायमची शिकवली. लिंट साफ करणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहेच, पण लिंट हीटरपर्यंत पोचणार नाही अशी रचना करणं ही बनवणाऱ्याची आहे.

याच काळात हीट पंपाचा, म्हणजे तीच उष्णता फिरवून पुन्हा वापरणारा, ड्रायर पुढे आला. स्वित्झर्लंडने २०१२ पासून केवळ याच दर्जाच्या ऊर्जा-कार्यक्षम ड्रायरची विक्री ठेवली, आणि युरोपीय संघाचे जुलै २०२५ पासूनचे नियमही बाजाराला तिकडेच नेतात. हा ड्रायर हीटरवाल्याच्या जवळपास निम्म्या विजेत काम करतो, कमी तापमानावर चालतो आणि म्हणून जास्त वेळ घेतो. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात बिघाडाची तक्रार करतो. खरे बिघाड पुन्हा वाटेतलेच असतात. थंड जाळीवर साचलेलं लिंट, न रिकामी केलेली पाण्याची टाकी, अडकलेला फ्लोट. हीट पंपातल्या गॅसची गळती मात्र घरी हात लावण्याची गोष्ट नाही, कारण अनेक नव्या यंत्रांत ज्वलनशील प्रोपेन असतो.

पुढे नेण्यासारखं

जुन्या अमेरिकन ड्रायरच्या आत वायरिंगचा नकाशा ठेवलेला असे, उघडणाऱ्याच्या हाती लागावा म्हणून. आजच्या यंत्रात पॅनेलवर एररचा कोड उमटतो आणि त्याचा पूर्ण अर्थ बहुधा सेवा केंद्रालाच ठाऊक असतो. त्यामुळे मूळ न शोधता सगळा बोर्डच बदलायची सवय वाढली आणि पाचशे रुपयांचं काम पाच हजारांवर जाऊ लागलं. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते याच दिशेचं पाऊल आहे. पण ग्राहकानेही खरेदीच्या वेळीच विचारायला हवं: सुटे भाग किती वर्षं मिळतील, सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का, कोडचा अर्थ छापलेला आहे का. ज्या यंत्राबरोबर त्याची समजूतही घरी येते, तेच यंत्र पुढची पंधरा वर्षं टिकतं. दुकानदाराकडून या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच पैसे द्यावेत.