एकवचनी ‘वर्ड’

‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या चार क्रियापदांची वाटणी या आठवड्यात पुरी करावयाची असे ठरले होते, आणि ‘टेल’ला ऐकणारा माणूस वाक्यात हजर का लागतो येथवर आपण येऊनही पोहोचलो होतो, परंतु मध्यंतरी सातारा जिल्ह्यातील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनांचे पत्र आले, आणि त्यातील शंका इतकी मार्मिक निघाली की, त्या चौघांना आणखी काही काळ तिष्ठत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पत्रलेखक लिहितात की, उमेदवारीच्या काळात त्यांनी एका प्रकरणाचा खुलासा वरिष्ठांकडे इंग्रजीत पाठविला होता. या बाबतीत मामलेदारांशी आपले बोलणे झाले आहे, एवढेच त्यांना कळवावयाचे होते. पण माणूस एकच शब्द बोलून थांबत नाही, चार शब्द बोलतो, तेव्हा बहुवचनच रास्त, असा सरळ हिशेब करून त्यांनी मसुद्यात ‘आय हॅड वर्ड्ज विथ द मामलेदार’ असे वाक्य घातले. पुढे मामलेदारांशी हुज्जत घालण्याचे कारण काय, अशी विचारणा करणारा कागद त्यांच्याच टेबलावर येऊन पडला. ‘अ वर्ड’ म्हटले तर बोलणे आणि ‘वर्ड्ज’ म्हटले तर भांडण, हा कोठला न्याय, असे ते विचारतात.

न्याय आहे, आणि तो दुहेरी नसून तिहेरी आहे. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे थोडके, बहुधा खासगी बोलणे. साहेबाने दारातून ‘कॅन आय हॅव अ वर्ड?’ असे म्हटले, तर आत जाऊन दार लोटून घ्यावे. ‘हॅव वर्ड्ज’ म्हणजे खडाजंगी. आणि मागे ‘अ’ नाही व पुढे बहुवचनाचा प्रत्ययही नाही, असा मोकळा ‘वर्ड’ आला, तर त्याचा अर्थ खबर किंवा निरोप असा होतो: ‘वी हॅव हॅड वर्ड फ्रॉम पूना’ म्हणजे पुण्याहून आम्हांस कळले आहे. ‘सेंड वर्ड’, ‘ब्रिंग वर्ड’ ही याच घराण्यातली. या तिहींपैकी भांडणाच्या अर्थाचे मराठी माणसाने नवल करण्याचे कारण नाही. आपल्याकडेही शब्दाने शब्द वाढतो, शब्दाला शब्द लागतो, आणि शब्दाशब्दी झाली असे सांगितले की, कोणी कोणास काय म्हटले हे न विचारताही ऐकणाऱ्याला प्रकार उमगतो.

खरी गंमत पुढे आहे. ‘वर्ड’ हा एकटा असून त्याच्यामागे ‘माझा’, ‘तुझा’, ‘त्याचा’ असा मालक उभा राहिला की, तो वचन होतो. ‘गिव्ह वन्स वर्ड’ म्हणजे शब्द देणे, ‘कीप’ म्हणजे पाळणे, ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे, आणि ‘गो बॅक ऑन’ म्हणजे दिल्या शब्दास फिरणे. हे वचन वीस वाक्यांत दिलेले असो वा अर्ध्या, येथे बहुवचन चालत नाही. प्रभू रामचंद्रांना आपण एकवचनी म्हणतो ते निराळ्या कारणाने, परंतु इंग्रजी व्याकरणाने ते बिरुद जसेच्या तसे उचलल्यासारखे दिसते खरे. म्हणूनच ‘अ मॅन ऑफ हिज वर्ड’ म्हणजे शब्दाला जागणारा गृहस्थ, आणि ‘अ मॅन ऑफ फ्यू वर्ड्ज’ म्हणजे केवळ मितभाषी. दुसऱ्याने पहिला असलेच पाहिजे असे नाही, हे ज्यांनी कमी बोलणाऱ्या सावकाराकडून कर्ज काढले आहे त्यांना सांगावयास नको.

या एकवचनी शब्दावर इंग्रजी बोलणाऱ्या समाजाने मोठमोठे व्यवहार तोललेले आहेत. लंडनच्या शेअरबाजाराला १९२३ साली कुलचिन्ह मिळाले, त्यावरील लॅटिन ब्रीदवाक्याचा आशय असा की, माझा शब्द हाच माझा दस्तऐवज. कारण त्या बाजारात सौदा तोंडी ठरे आणि कागद मागाहून होई. युद्धाच्या क्षेत्रात हीच गोष्ट फ्रेंचांच्या ‘पारोल’ या शब्दाने केली. त्याचा मूळ अर्थ उच्चारलेला शब्द, एवढाच. कैद झालेल्या सैनिकाने, मी पुन्हा तुमच्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही, असा शब्द द्यावा आणि त्या भरवशावर त्याला मोकळे करावे, हा रिवाज. १८६५ च्या एप्रिलात व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली, तेव्हा त्यांच्या सुमारे २८,००० सैनिकांना अशाच बोलीवर घरी जाऊ देण्यात आले, आणि त्यांना द्यावयाच्या दाखल्यांसाठी तेथेच छापखाना लावावा लागला. आपल्याकडे पॅरोलवर सुटणाऱ्या कैद्याकडून मात्र जातमुचलका आणि जामीन मागतात. शब्दाचे नाव राहिले आणि काम कागदाकडे गेले, असे म्हणावयाचे.

वचनाखेरीज हा एकटा ‘वर्ड’ आणखी दोन खात्यांत राबतो. ‘गिव्ह द वर्ड’ किंवा ‘से द वर्ड’ येथे तो हुकूम असतो: नुसते तोंडातून काढा, की काम झालेच. ‘पुट इन अ गुड वर्ड’ येथे तो शिफारस असतो, आणि यासाठी आपल्याजवळ ‘शब्द टाकणे’ हा हुबेहूब जोडीदार आहे. टाकलेला शब्द पडू देऊ नये, ही विनवणीही आपलीच. वचन, हुकूम, खबर, शिफारस, या चारही ठिकाणी शब्द उच्चारताच जगात काही तरी हलते, कोणी बांधला जातो, कोणी निघतो, कोणाला नोकरी लागते.

बहुवचनी ‘वर्ड्ज’चे तसे नाही. तो माल आहे, आणि मालाचे जे करावयाचे ते सर्व त्याचे करता येते. ‘वे वन्स वर्ड्ज’ म्हणजे तोलून बोलणे. ‘मिन्स’ या क्रियापदाचा मूळ अर्थ बारीक चिरणे, मांसाचा खिमा करणे. त्यावरून ‘मिन्स वर्ड्ज’ म्हणजे कठोर गोष्ट कुस्करून मऊ करून सांगणे, आणि ध्यानात ठेवण्याजोगे हे की, हा प्रयोग जवळजवळ नेहमी नकारासह येतो: ‘ही डिडंट मिन्स हिज वर्ड्ज’, म्हणजे त्याने भीडमुर्वत ठेवली नाही. खिमा करणाऱ्याची दखल कोणी घेत नाही, न करणाऱ्याची घेतात.

शेवटी हा माल खाताही येतो. ‘ईट वन्स वर्ड्ज’ म्हणजे छातीठोकपणे केलेले विधान खोटे ठरल्यावर ते चारचौघांत मागे घेणे. मराठीत आपण बोलणी खातो, परंतु ती दुसऱ्याची असतात आणि बहुधा वडीलधाऱ्यांची. इंग्रज स्वतःचीच खातो. दोहोंत कोणते पचावयास जड, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. असाच घोटाळा जिभेचा आहे: नको ते बोलून गेल्यावर आपण जीभ चावतो, तर बोलून जाऊ नये म्हणून इंग्रज ती आधीच चावून बसतो. जिभेच्या या प्रकरणाला स्वतंत्र लेखांक द्यावा लागेल. तो ‘से’ आणि ‘टेल’च्या आधी द्यावा की मागून, हे अद्याप ठरलेले नाही.